पतधोरणाची दोन व्याकरणे

अमेरिका आणि चीन ह्या जगातील सर्वांत मोठ्या दोन अर्थव्यवस्थांच्या पतधोरणांची तुलना करावयाची झाली म्हणजे अभ्यासक बहुधा दोन स्तंभांचा तक्ता मांडतात. एका स्तंभात फेडरल रिझर्व्हचा व्याजदर, दुसऱ्यात पीपल्स बँक ऑफ चायनाचा, डावीकडे वर्षे, आणि मग कोणाचा दर केव्हा चढला, केव्हा उतरला ह्याची चर्चा. असा तक्ता अगदीच निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ह्या दोन्ही संस्था केवळ दर ठरवून थांबत नाहीत. त्या बोलतात, आणि त्यांचे बोलणे हा धोरणाचाच एक भाग असतो. तक्त्यात दर येतो, बोलणे येत नाही. ह्या बोलण्याचे परीक्षण अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने करावयाचे की भाषेच्या, हा वाद बाजूला ठेवला तरी चालेल. बैठकीनंतरचे निवेदन, तिमाही अहवाल, वार्षिक आर्थिक परिषदेचा वृत्तान्त ही सगळी लिखिते आहेत, आणि लिखिते म्हणून त्यांचे वाचन व्हावयास हवे.

वरवर पाहता दोन्हीकडची लिखिते एकाच जातीची वाटतात. ती रुक्ष, आखूड आणि पुनरुक्तीने भरलेली असतात. मागील मजकुराशी शब्दशः ताडून पाहिल्याखेरीज त्यांत नवे काय ते कळत नाही. तथापि त्यांचे व्याकरण निराळे आहे. अमेरिकी निवेदनाचा भार क्रियाविशेषणावर आणि संकेतार्थी वाक्यावर पडतो. ‘किती काळ’ आणि ‘अमुक झाले तर’ हे त्याचे मुख्य विषय. चिनी निवेदनाचा भार विशेषणावर पडतो, आणि ते विशेषण एका ठरीव मालिकेतून उचललेले असते. पहिले वचन देते, दुसरे स्थान दाखविते. एकाचा कोश हाती घेऊन दुसरे वाचू गेल्यास कसा घोटाळा होतो, ह्याचे उदाहरण २०२४ च्या डिसेंबरात जगाने पाहिले. त्याचा विचार पुढे येईल.

फेडरल रिझर्व्हची स्थापना १९१३ ची. पण ती बोलू लागली फार उशिरा. १९९४ च्या फेब्रुवारीपूर्वी तिच्या खुल्या बाजार समितीने धोरण बदलले तरी ते त्याच दिवशी जाहीर करण्याची रीत नव्हती. बाजारातील व्यवहारांवरून दलालांनी ते ताडावयाचे असे. ४ फेब्रुवारी १९९४ रोजी पहिले निवेदन निघाले. २००२ पासून कोणी कसे मत दिले हेही त्यात नावानिशी येऊ लागले. २०११ पासून अध्यक्षांची पत्रकार परिषद सुरू झाली. अ‍ॅलन ग्रीनस्पॅन हे १९८७ ते २००६ पर्यंत अध्यक्ष होते व आपल्या संदिग्ध बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. गंमत अशी की, समितीच्या वाक्याला दराइतके वजन आले ते त्यांच्याच कारकीर्दीत.

२००३ च्या जूनमध्ये दर एक टक्क्यावर आला. आणखी खाली जाण्यास फारशी जागा उरली नव्हती, आणि भाववाढ नको तितकी मंदावेल अशी भीती होती. तेव्हा ऑगस्टच्या निवेदनात समितीने असे म्हटले की, सैल धोरण ‘बराच काळ’ चालू ठेवता येईल. दर तोच राहिला. भर पडली ती एका काळवाचक शब्दाची. २००४ च्या जानेवारीत ‘बराच काळ’ जाऊन समिती ‘धीर धरू शकते’ असे आले. मे महिन्यात धीरही गेला, आणि सैलपणा ‘मापाच्या गतीने’ काढून घेता येईल असे शब्द आले. हा शेवटचा प्रयोग विशेष पाहण्याजोगा आहे. त्यात माप कोणते ते सांगितलेले नाही. परंतु जून २००४ पासून जून २००६ पर्यंत समितीने लागोपाठ सतरा बैठकींत दर वेळी पाव टक्का वाढ केली, दर सव्वापाच टक्क्यांवर नेला, आणि त्या क्रियाविशेषणास पाव टक्का हा संख्यावाचक अर्थ चिकटला. कोशात नसलेला अर्थ रूढीने शब्दास प्राप्त होतो हे भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते. येथे ती रूढी तारीखवार, डोळ्यांदेखत घडली.

२००८ च्या संकटानंतर काळवाचक शब्दांचे हे राज्य आणखी विस्तारले. त्या वर्षीच्या डिसेंबरात दर शून्याजवळ आल्यावर रोख्यांची खरेदी आणि शब्द हीच मुख्य साधने हाती राहिली. आधी ‘काही काळ’, २००९ च्या मार्चपासून ‘दीर्घ काळ’, आणि ऑगस्ट २०११ मध्ये थेट तारीख: निदान २०१३ च्या मध्यापर्यंत. ही तारीख पुढे २०१४ च्या अखेरीकडे व नंतर २०१५ च्या मध्याकडे सरकली. डिसेंबर २०१२ मध्ये तारीख काढून तिच्या जागी संकेत घातला गेला. बेकारीचे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या वर आहे आणि भाववाढीचा अंदाज अडीच टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, तोवर दर शून्याजवळच राहील. चार वर्षांत एका समितीने भविष्यकाळ बोलण्याचे बहुतेक सर्व मार्ग चाचपून पाहिले. मार्च २०१४ मध्ये अध्यक्षा जॅनेट येलेन ह्यांना पत्रकार परिषदेत विचारण्यात आले की, रोख्यांची खरेदी थांबल्यानंतरचा ‘बराच काळ’ म्हणजे किती? सुमारे सहा महिने, अशा धर्तीचे उत्तर त्यांनी दिले, आणि शेअरबाजार घसरला. उत्तरात गैर असे काही नव्हते. मुद्दाम सैल ठेवलेल्या पदाचा अर्थ उकलून सांगावयाचा नसतो, एवढा संकेत मात्र मोडला गेला. पुढील वर्षी निवेदनातून ‘धीर’ काढतानाही त्यांना वेगळे सांगावे लागले की, शब्द काढला म्हणजे समिती अधीर झाली असे समजू नये.

अशी वाक्ये रूपाने भाकिते आणि परिणामाने प्रतिज्ञा असतात. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या व्याख्यानांत, वचन देतो असे म्हणणे हेच वचन देणे, ह्या प्रकारच्या वाक्यांचा विचार केला. मध्यवर्ती बँकेचे वाक्य त्या वर्गाच्या उंबरठ्यावर घुटमळते. २०१२ मध्ये जेफ्री कॅम्बेल व त्यांचे सहकारी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी हाच भेद ग्रीक पुराणांतील नावांनी मांडला: डेल्फीची देववाणी एक, आणि स्वतःला डोलकाठीस बांधून घेणारा ओडिसियस दुसरा. बँक बोलते देववाणीच्या थाटात. ऐकणारे तिला डोलकाठीस बांधलेली समजतात.

बांधून घेण्याची किंमत २०२१ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षी एप्रिलच्या निवेदनात भाववाढीची कारणे बहुतांशी ‘तात्पुरती’ आहेत असे शब्द आले आणि ते काही महिने टिकले. ३० नोव्हेंबरला सिनेटच्या समितीपुढे अध्यक्ष जेरोम पॉवेल ह्यांनी हा शब्द आता निवृत्त करावा असे सांगितले, व त्याबरोबर त्याचा अर्थही सांगितला: लोक त्यातून ‘अल्पकाळ टिकणारी’ असे समजतात, बँकेस मात्र ‘मागे कायमची खूण न ठेवणारी’ असे अभिप्रेत होते. हा भेद खोटा नाही. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास संचारी भावाची आठवण व्हावी असाच तो आहे. संचारी भाव येतो आणि जातो, स्थायी भावाचे रूप बदलत नाही, मग तो किती वेळ रेंगाळला हे गौण. परंतु बाजारात वाणसामान घेणाऱ्या गृहिणीला शब्दाची ही छटा कळण्याचा संभव नव्हता, आणि तिला ती कळावी अशी व्यवस्थाही कोणी केली नव्हती. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील वार्षिक भाववाढ ९.१ टक्क्यांवर गेली. दर वाढविण्यास आरंभ झाला होता तो त्या वर्षीच्या मार्चमध्ये. जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांच्या पट्ट्यात पोहोचला. एवढी चढण इतक्या घाईने चढावी लागली, ह्यात आधीच्या वाक्याचा वाटा थोडा नव्हता.

वचन आणि वचनभंग ह्या चौकटीत चिनी लिखित बसत नाही, कारण ते वचनाच्या रूपात नसतेच. पीपल्स बँक ही १९४८ साली स्थापन झालेली. १९९५ च्या कायद्याने तिचे उद्दिष्ट ठरले ते चलनाच्या मूल्याचे स्थैर्य राखणे व त्याद्वारे आर्थिक वाढीस चालना देणे हे. ती स्टेट कौन्सिलच्या, म्हणजे मंत्रिमंडळाच्या, नेतृत्वाखाली चालते; चलनपुरवठा, व्याजदर व विनिमयदर ह्यांविषयीचे निर्णय तिने मंजुरीसाठी वर पाठवावयाचे असतात. तिची पतधोरण समिती सल्लागार आहे. फेडरल रिझर्व्हच्या वर्षाकाठी आठ बैठका ठरलेल्या तारखांना होतात. चीनमध्ये दर किंवा राखीव निधीचे प्रमाण केव्हा बदलेल ह्याचे वेळापत्रक नाही. आणि धोरणाचे मुख्य विशेषण तर बँकेत ठरतच नाही. ते पक्षाच्या पॉलिटब्यूरोत आणि डिसेंबरात भरणाऱ्या मध्यवर्ती आर्थिक कार्यपरिषदेत ठरते.

हे विशेषण पाच पायऱ्यांच्या मालिकेतून निवडले जाते: सैल, माफक सैल, वेनजिएन, माफक घट्ट, घट्ट. मधला शब्द मुद्दाम मुळाप्रमाणे ठेवला आहे. त्याच्या दोन अक्षरांपैकी पहिल्याचा अर्थ स्थिर, दुसऱ्याचा निरोगी किंवा सुदृढ. ‘स्थिर-सुदृढ’ असे त्याचे मराठी करता येईल. अशा ठरीव शब्दयोजनेस चिनी राजकीय भाषेत ‘थीफा’ म्हणतात, आणि मायकेल शोनहाल्स ह्यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात तिचा अभ्यास केलेला आहे. सोस्यूरने भाषिक चिन्हाचे मूल्य शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदातून येते असे म्हटले, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण नैसर्गिक भाषेत क्वचितच सापडेल. पाच घरे, एक सोंगटी.

सोंगटी कोणत्या घरात आहे ह्यावरून दर काय होणार हे कळते काय? पुराव्यावरून तसे दिसत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये धोरण ‘माफक सैल’ झाले. २००९ ह्या संपूर्ण वर्षात एक वर्ष मुदतीच्या कर्जाचा पायाभूत दर ५.३१ टक्क्यांवरून हलला नाही. मोठ्या बँकांच्या राखीव निधीचे प्रमाणही बदलले नाही. आणि तरी त्या वर्षी बँकांनी सुमारे ९.६ लाख कोटी युआनची नवी कर्जे दिली, आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. दोन स्तंभांच्या तक्त्यात २००९ ची चिनी रेघ सपाट दिसते. प्रत्यक्षात चीनच्या अलीकडील इतिहासातील सर्वांत मोठा सैलपणा त्या सपाट रेघेखाली दडलेला आहे. २०१० मध्ये विशेषण तेच होते, परंतु राखीव निधीचे प्रमाण सहा वेळा आणि दर दोन वेळा वाढविण्यात आले. मग डिसेंबर २०१० मध्ये ‘वेनजिएन’ आले आणि चौदा वर्षे राहिले. ह्या एकाच शब्दाच्या छत्राखाली २०११ च्या जूनमध्ये मोठ्या बँकांचे राखीव प्रमाण साडेएकवीस टक्क्यांपर्यंत चढले, जुलैमध्ये दर ६.५६ टक्क्यांपर्यंत गेला, आणि त्याच शब्दाच्या छत्राखाली तो ऑक्टोबर २०१५ मध्ये ४.३५ टक्क्यांवर उतरला.

९ डिसेंबर २०२४ रोजी पॉलिटब्यूरोच्या वृत्तान्तात पुन्हा ‘माफक सैल’ आले. परदेशी वृत्तपत्रांनी हे विशेषण अमेरिकी रीतीने वाचले: पुढे भरघोस दरकपात होणार अशी ही ग्वाही आहे असा त्यांचा समज झाला. घडले ते असे. २०२४ मध्ये, ‘वेनजिएन’चा अंमल असताना, सात दिवसांच्या व्यवहाराचा दर १.८ वरून १.५ टक्क्यांवर आला होता आणि राखीव निधीचे प्रमाण दोनदा कमी झाले होते. २०२५ मध्ये, ‘माफक सैल’ धोरणात, दर मे महिन्यात एकदाच उतरला, तोही ०.१ टक्क्याने, राखीव प्रमाणही एकदाच. शब्द अधिक सैल, कपात कमी.

मग ह्या शब्दाने साधते काय? तो कोणास उद्देशून आहे हे पाहिल्यास उत्तर मिळते. अमेरिकी वाक्याचा श्रोता बँकेच्या हाताखाली नसतो. रोख्यांचा व्यापारी, घरासाठी कर्ज काढणारा, कारखानदार ह्यांना आज्ञा करता येत नाही, म्हणून त्यांच्या अपेक्षा घडवाव्या लागतात. चिनी विशेषणाचा श्रोता मुख्यतः यंत्रणेच्या आतला असतो: प्रांतिक शासने, मंत्रालये, सरकारी मालकीच्या बँका. त्यांना ते परवाना देते किंवा हात आवरावयास सांगते. तपशील ‘खिडकीवरच्या मार्गदर्शना’तून, म्हणजे बँकांना खाजगीरीत्या दिलेल्या सूचनांतून, भरला जातो, हा शब्दही जपानी मध्यवर्ती बँकेच्या व्यवहारातून चिनीत आलेला आहे. मुख्य विशेषणाला बँक स्वतः हात लावू शकत नाही. तिच्या वाट्याला येतात ती पोट-विशेषणे, ‘लवचीक’, ‘नेमके’, ‘परिणामकारक’ वगैरे, आणि पाटबंधाऱ्याच्या उपमा. तिच्या अहवालांत चलनपुरवठ्याच्या ‘मुख्य दारा’वर लक्ष ठेवावयाचे असते, शेत ‘बुडेपर्यंत पाणी सोडावयाचे’ नसते, ‘ठिबक’ पद्धतीने नेमके मुळाशी द्यावयाचे असते. बेन बर्नान्के ह्यांनी २०१३ मध्ये आपले धोरण समजावताना मोटारीच्या वेगवर्धकावरून पाय थोडा उचलण्याचा दाखला दिला होता. मोटारीत चालक एकटा असतो. पाटावर दार उघडणाराच्या खाली पाणी वाटणारे अनेक असतात. उपमांची ही निवड दोन यंत्रणांचे बऱ्यापैकी खरे चित्र देते.

२००९ चे विशेषण इतके प्रभावी ठरले ह्याचे कारण ऐकणाऱ्या बँका आज्ञेत होत्या आणि कर्ज घेणारी प्रांतिक मंडळेही. २०२५ मध्ये तेच विशेषण उच्चारले गेले तेव्हा अडचण दुसरीकडे होती. घरांच्या किमती घसरल्या होत्या. २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षी ग्राहक-किमतींची वाढ अवघी ०.२ टक्के होती. कुटुंबे कर्ज काढण्याऐवजी फेडण्यात गुंतली होती. जुलै २०२५ मध्ये युआन कर्जांची निव्वळ भर उणे निघाली, वीस वर्षांत प्रथमच. कर्ज न काढणारे कुटुंब हे यंत्रणेच्या आतले श्रोते नव्हे. त्याला परवाना नको असतो, भविष्याविषयी काही विश्वास हवा असतो. आणि विशेषणांच्या व्याकरणात भविष्यकाळ नाही. चिनी पतधोरणाची आजची उणीव साधनांत जेवढी आहे तेवढीच वाक्यरचनेतही आहे, असे म्हणावयास आधार आहे तो येथे.

अमेरिकी पद्धतीची बाजू घेताना मात्र हात राखूनच घ्यावयास हवी. २२ मे २०१३ रोजी काँग्रेसच्या समितीपुढे एका प्रश्नाच्या उत्तरात बर्नान्के म्हणाले की, येत्या काही बैठकींत रोखेखरेदीची गती कमी होऊ शकेल. त्या वेळी डॉलरला सुमारे ५५ रुपये पडत होते. ऑगस्टच्या अखेरीस भाव ६८ च्या पलीकडे गेला. ते उत्तर मुंबईच्या बाजारासाठी दिलेले नव्हते. चीनने ११ ऑगस्ट २०१५ रोजी युआनचा मध्यवर्ती दर ठरविण्याची रीत बदलून तो जवळजवळ दोन टक्क्यांनी उतरविला. सविस्तर खुलाशाची पत्रकार परिषद झाली ती १३ तारखेस, आणि मधल्या काळात जगातील बाजारांनी आपापला अर्थ लावला. पहिल्या प्रसंगी एका वाक्याने गोंधळ केला, दुसऱ्या प्रसंगी वाक्याच्या अभावाने. पुढे २०१६ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर चौ शियाओछ्वान ह्यांनी ‘चाइशिन’ ह्या नियतकालिकास दिलेल्या मुलाखतीत, सट्टेबाजांपुढे आपल्या चाली आधी उघड करावयाच्या नसतात अशा आशयाचा बुद्धिबळाचा दाखला दिला. त्यात एक तर्क निश्चित आहे. परंतु पटाच्या पलीकडे केवळ सट्टेबाज बसलेला नसतो.

निर्णायक भेद असा की, अमेरिकी वाक्य खोटे ठरू शकते. ‘तात्पुरती’ हा शब्द खोटा ठरला, तो कोणत्या तारखेस आला व कोणत्या तारखेस गेला हे दाखविता येते, आणि पाच वर्षांनी बैठकीची शब्दशः टिपणे व निवेदनाचे पर्यायी मसुदेही अभ्यासकांच्या हाती पडतात. ‘वेनजिएन’ खोटे ठरू शकत नाही. चढता दर आणि उतरता दर दोन्ही त्यात मावतात. अशा शब्दाबद्दल कोणास जाब विचारावा? बँकेच्या दृष्टीने ही सोय आहे हे मान्य करावयास हवे. वचन न देणाऱ्यास ते फिरवावे लागत नाही, आणि २०२१ सारखी नामुष्की चीनमध्ये संभवत नाही. पण ही सोय नागरिकाच्या खर्चाने विकत घेतलेली आहे. ज्या वाक्याला चूक म्हणता येत नाही त्याची चूक सुधारताही येत नाही. आणि चूक घडून गेल्यावर तिचे ओझे कोणी वाहिले हे शोधण्यास लिखितात धागा उरत नाही.

मराठीतून ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्यास आणखी काही खाचखळगे संभवतात. ‘वेनजिएन’चे अधिकृत इंग्रजी भाषांतर ‘प्रूडंट’ असे होते, आणि इंग्रजीवरून मराठी करणारे ‘सावध’ किंवा ‘विवेकी’ असे लिहितात. त्यामुळे चीन हात आखडून आहे असा भास होतो. मुळात आखडण्याची सूचना नाही. उलटपक्षी आपल्या वृत्तपत्रांनी रूढ केलेला ‘पतधोरण’ हा शब्द, ज्यात चलनाऐवजी पतीवर भर आहे, अमेरिकेपेक्षा चीनला अधिक शोभतो. २००९ चा प्रसंग खऱ्या अर्थाने पतीचे धोरण होता. सर्वांत फसवा शब्द ‘रिव्हर्स रेपो’ हा आहे. मध्यवर्ती बँकेने रोखे तारण घेऊन बँकांना पैसे देण्याच्या व्यवहाराला भारतात आणि अमेरिकेत रेपो म्हणतात. तेथे नाव पैसे घेणाऱ्याच्या बाजूने ठेवलेले आहे. चीनमध्ये त्याच व्यवहाराला रिव्हर्स रेपो म्हणतात, कारण नाव मध्यवर्ती बँकेने आपल्या स्वतःच्या बाजूने ठेवले आहे. वर सात दिवसांच्या व्यवहाराचा जो दर सांगितला तो हाच. भारतीय परिभाषेवर वाढलेला विद्यार्थी ‘चीनने रिव्हर्स रेपो दर घटविला’ हे वाचून बँकांच्या ठेवींवरील व्याज घटले असे समजतो. वस्तुतः तो बँकांना मिळणाऱ्या कर्जाचा दर असतो.